कॅरिबूवाली बाई

माझ्या लेकीने कॅनडातल्या एका बाईला मुगाची खिचडी शिकवली आणि वर मला फोनवर सांगितलं, "आई, तिची खिचडी तुझ्यापेक्षा मऊ होते वं."

मी शाळेत जायच्या घाईत होते. "हो का? चांगलं आहे," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मग दिवसभर आठवीच्या पोरांवर खेकसत राहिले. तोवर ती बाई माझ्यासाठी लेकीची साहेब होती. त्या दिवसापासून ती माझी कोण झाली, हे मराठीची शिक्षिका असूनही मला सांगता येईना. सवतीला शब्द आहे, विहिणीला आहे. आपल्या एकुलत्या एका लेकीला आयती माया लावणाऱ्या परक्या बाईला शब्द नाही. मी मनातल्या मनात तिला 'कॅरिबूवाली' म्हणू लागले.

लेक आमची लहानपणापासून जनावरांच्या मागे. इथेच अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, मग दोन उन्हाळे मेळघाटात सांबरांच्या आणि गव्यांच्या मागे हिंडली. जंगलातून लेंड्या गोळा करून आणायची, पिशव्यांवर तारखा घालायची, आणि मी त्या फ्रिजमध्ये ठेवू देत नाही म्हणून रुसायची. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात कॅरिबूंवर काम करायला गेली. वरूडला माझा भाऊ संत्र्याची बाग करतो. तो म्हणाला, "लेंड्याच गोळा करायच्या होत्या तर आमच्या गोठ्यात काय कमी होत्या?"

कॅरिबू म्हणजे सांबराच्या आकाराचं, बर्फात राहणारं हरीण. नराबरोबर मादीलाही शिंगं असतात, ही गोष्ट माझ्या नवऱ्याने आमच्या गल्लीत इतक्यांना सांगितली की शेवटी लोकच त्याला सांगू लागले. ही हरणं हिवाळ्यात जुन्या झाडांवर आणि जमिनीवर वाढणारं एक शेवाळासारखं काहीतरी खाऊन जगतात. ते इतकं सावकाश वाढतं की आज जंगल तोडलं तर ते पुन्हा नीट यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. तिथे लाकडासाठी जंगल तोडलं गेलं, लाकूड न्यायला रस्ते झाले. मोकळ्या जागेत झुडपं वाढली, झुडपं खायला दुसरी मोठी हरणं आली आणि त्यांच्या मागे लांडगे आले. लांडग्यांना ते रस्ते आयतेच सापडले. कॅरिबूंची पाडसं टिकेनात. लेकीच्या भागातला कळप इतका लहान झाला की तिथल्या मूळ रहिवाशांनी आणि संशोधकांनी मिळून एक उपाय काढला. हिवाळा सरता सरता गाभण माद्या धरून आणायच्या, डोंगरावरच्या जंगलाचा एक तुकडा उंच काळ्या कापडाने बंद करून त्यात त्यांना ठेवायचं, वेचून आणलेलं ते शेवाळ खाऊ घालायचं, आणि पाडसं पळण्याजोगी झाली की सगळ्यांना सोडून द्यायचं.

हे ऐकून मी म्हटलं होतं, "म्हणजे बाळंतपणाले माहेरी आणल्यासारखंच झालं."

लेक फोनवर खूप हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तुझं वाक्य मी तिला सांगितलं. तिला इतकं आवडलं! आज तिने सगळ्या टीमला सांगितलं."

म्हणजे माझी खिचडी गेली होतीच, आता वाक्यही गेलं.

आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. मी भाकरी थापत असायची तेव्हा लेक दिवसभराच्या गोष्टी सांगायची, आणि प्रत्येक गोष्टीत ती बाई असायचीच. ती म्हणते, बर्फात असे बूट घालायचे. ती म्हणते, माझं इंग्रजी लिहिणं सुधारलं. तिने माझ्यासाठी टोपी विणली. टोपी मीही विणून पाठवली होती, पण ती "थोडी पातळ" होती. एकदा बरेच दिवस लेकीच्या मागे पिवळा पडदा दिसत राहिला. "खोली बदलली का?" मी विचारलं. "हो, थोड्या दिवसांसाठी," ती म्हणाली, आणि लगेच बाबांना बोलाव म्हणाली.

मग एक दिवस तिने सांगितलं की फेब्रुवारीत ती येते आहे, आणि बरोबर ती बाईही येते आहे. अकोल्याच्या एका कॉलेजात दोघींचं व्याख्यान ठरलं होतं. व्याख्यानाच्या आधी आणि नंतर बाई आमच्याकडेच राहणार होती.

मी घर धुऊन काढलं. पाहुण्यांच्या खोलीचे पडदे बदलले, गादीला नवीन खोळ शिवली, बाटलीबंद पाण्याचे खोके आणवले. नवरा म्हणाला, "अवं, राष्ट्रपती येऊन राहिले का?" मी म्हटलं, "तुमी गप बसा." कारण खरं ते मला सांगता येत नव्हतं. त्या बाईला माझ्या घरात नावं ठेवायला एकही जागा सापडू नये, एवढीच माझी इच्छा होती. आदरातिथ्य वगैरे नंतर.

नागपूरहून गाडी आली ती दुपारी. मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी होते. लेक उतरली, पण माझ्याकडे न येता आधी पलीकडे गेली आणि त्या बाईला हात देऊन उतरवलं. बाई माझ्याच वयाची असेल. बुटकी, रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांची सैल वेणी, चेहरा उन्हाने आणि बर्फाने रापलेला. मी मनात एक उंच, गोरीपान, लिपस्टिक लावलेली बाई रंगवून ठेवली होती. तिच्यावर जळणं सोपं गेलं असतं. ही तर आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मावशीसारखी दिसत होती.

तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "तुमची मुलगी खूप चांगली आहे."

मी म्हटलं, "मले माहीत आहे." लेकीने त्याचं भाषांतर केलं नाही.

जेवताना मी भरीत, भाकर, कढी आणि सांबारवडी केली होती. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हेही लेकीनेच तिला समजावलं. बाई आवडीने जेवत होती. मध्येच लेकीने आपला चष्मा काढला आणि काही न बोलता बाजूला धरला. बाईने तो घेतला, आपल्या गळ्यातल्या रुमालाच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि परत दिला. दोघींचंही बोलणं एक क्षण थांबलं नाही. इतकी साधी गोष्ट. पण चष्मा लागला तेव्हा लेक चौथीत होती, आणि तेव्हापासून तिचा चष्मा पुसायचं काम माझं होतं. माझा पदर त्यासाठी कायम ओलसर असायचा. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना आणखी एक भाकर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळा मसाला भाजायला घेतला होता. वरूडला न्यायचा होता, आणि माझा मसाला भावाच्या घरी सगळ्यांना आवडतो. पाहुणी दारात येऊन उभी राहिली. मी हाताने खुणावून तिला स्टूल दिलं. ती एकेक वाटी उचलून वास घेत होती. धने, खोबरं, तीळ. मग तिने दगडफुलाची वाटी उचलली आणि ओरडलीच. लेक धावत आली. दोघी त्या वाटीवर अशा वाकल्या जणू काही आत नवजात पाडस होतं.

"आई, हे काय आहे माहीत आहे का तुले?"

"दगडफूल आहे. मसाल्यात टाकतात."

"अगं, हेच ते! म्हणजे हेच नाही, पण याच जातीचं. कॅरिबू खातात ते. मी लहानपणापासून घरात पाहून राहिली, आणि माझ्या डोक्यात कधी आलंच नाही!"

बाईने एक काळपट करडा तुकडा तळहातावर घेतला, उलटा केला, कडा बोटाने उलगडल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती काहीतरी म्हणाली. लेक म्हणाली, "ती म्हणते, हे तिच्या बर्फातल्या माद्यांसाठी ती हाताने वेचते, आणि इथे तू ते जेवणात टाकतेस."

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, माझ्या मसाल्याच्या डब्यातली गोष्टसुद्धा माझ्या लेकीला हिच्यामुळे नवी वाटावी? पंचवीस वर्षं मी ते दगडफूल तिच्या देखत भाजलं. मी तव्यावरचं खोबरं जरा जास्तच परतलं आणि करपवलं.

अकोल्याला आम्ही चौघं आमच्याच गाडीने गेलो. नवरा चालवत होता, पाहुणी पुढे, आम्ही मायलेकी मागे. मूर्तिजापूरपर्यंत लेक पुढे वाकून तिच्याशी बोलत होती, नंतर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तेवढा रस्ता मला फार बरा वाटला.

कॉलेजचा हॉल भरलेला होता. मी आणि नवरा दुसऱ्या रांगेत बसलो. आधी बाई बोलली, मग लेक. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मला लेकीचं बोलणं ऐकून छाती फुगल्यासारखं झालं. हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून मादी कशी धरतात, तिचे डोळे बांधतात म्हणजे ती घाबरत नाही, गळ्यात पट्टा कसा घालतात, लेंड्यांवरून तिची तब्येत कशी कळते, सगळं ती अगदी आपल्या गोठ्यातलं सांगावं तसं सांगत होती. जुने लाकडाचे रस्ते आडवी झाडं टाकून बंद करणं आणि त्यांच्यावर पुन्हा रोपं लावणं, हे पाडसं सांभाळण्याहून मोठं काम आहे, असं ती म्हणाली.

मागून एक पोरगा उठला. हिवरखेडचा होता. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे रोह्यायनं हरभरा खाऊन टाकला. रात्रभर वावरात जागून राहिलो आमी. अन् तुमच्याकडची लोकं हरणाले हातानं वेचून चारून राहिली?"

हॉल हसला. रोही म्हणजे नीलगाय, हे समजावत लेकीने प्रश्न बाईला सांगितला. बाई हसली नाही. म्हणाली, तुझ्या जागी असते तर मीही चिडले असते. आमच्याकडेही लाकडावर पोट असणारी माणसं आहेत, आणि ती माझ्यावर चिडतात. त्यांच्याशी बोलत राहणं हेच माझं निम्मं काम आहे. मग लेक स्वतःचं म्हणून बोलली, "आणि हे कुंपण काही उपाय नाही. जंगल वाढेपर्यंत कळप टिकावा म्हणून आम्ही फक्त वेळ मिळवून राहिलो."

टाळ्या पडल्या. त्या दोघींना मिळून पडल्या, हे मला कळत होतं.

मग फोटो सुरू झाले. काळं कापड, बर्फ, शिंगांची मादी, तिच्या पोटाखाली ओलं पाडस. त्यानंतर एका लाकडी खोलीचा फोटो आला. चार-पाच माणसं बसून पोत्यातलं शेवाळ निवडत होती, तांदूळ निवडावेत तसं. कोपऱ्यात माझी लेक बसली होती. मांडीवर पोतं, आणि उजवा पाय समोरच्या खोक्यावर. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. भिंतीला दोन कुबड्या टेकवलेल्या.

पडद्यावर तो पाय माझ्या घराच्या दाराएवढा दिसत होता.

लेकीने घाईने पुढचा फोटो लावला. पण मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं होतं.

परतताना गाडीत बोरगावपर्यंत मी दम धरला. मग मीच विचारलं, "पाय कधी मोडला तुझा?"

"आई, बारीकसं होतं."

"बारीक गोष्टीले कुबड्या लागत नाहीत. कधी?"

"मागच्या हिवाळ्यात. बर्फावरून घसरली मी. घोटा मोडला."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"काय केलं असतं तू? इथे बसून रडली असती. बाबाले झोपू दिलं नसतं. आणि मले रोज विचारलं असतं, परत कधी येतेस."

"विचारलं असतं! आई आहे मी!"

नवऱ्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि गाडी थोडी सावकाश केली. पाहुणी समोर बघत बसली होती. भाषा कळत नसली तरी विषय तिला कळला होता.

"कोणाकडे होतीस?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला तो पिवळा पडदा दिसला. "हिच्याकडेच ना?"

"हो. तिच्याच घरी. सगळं तिने केलं. अंघोळीपासून."

मी खिडकीकडे तोंड केलं. पाय मोडला याचं दुःख होतंच. पण त्याच्या वर, त्याच्याहून जड असं दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. माझी लेक परक्या देशात दुखण्याने कण्हत होती, आणि तिच्या कपाळावर हात कुणाचा होता, तर या बाईचा. तिला न्हाऊ घालताना तिच्या पाठीवरची ती डाग असलेली जागा, जी फक्त मला माहीत होती, ती आता हिलाही माहीत होती. 

वरूडला जाणं ठरलेलंच होतं, त्यामुळे गेलो. मृग बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. बागेत ट्रॅक्टर उभा, क्रेट भरत होते, आणि सगळीकडे संत्र्याच्या सालीचा वास. भाऊ लेकीला नवीन कलमं दाखवायला बागेच्या टोकाला घेऊन गेला. नवरा ट्रॅक्टरवाल्याशी गप्पा मारत होता. झाडाखालच्या खाटेवर मी आणि पाहुणी दोघीच उरलो. तिने संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

माझं इंग्रजी शाळेतलं. वाचता येतं, बोलताना जीभ अडखळते. तिने फोन काढला आणि मराठी बोललेलं इंग्रजीत दाखवतं ते ॲप लावलं. मी फोनमध्ये म्हटलं, "ती पडली हे ऐकून माझा जीव खालीवर झाला." फोनने काय दाखवलं कोण जाणे, तिने वाचलं आणि मान हलवली. "माझाही," ती म्हणाली. एवढं मला कळलं.

मग मी एकेक विचारत गेले. कशी पडली? कुणी उचललं? रडली का? तीही सावकाश, सोप्या शब्दांत सांगत गेली. लेक दुपारी उशिरा एका मादीचा माग काढायला गेली होती आणि ओढ्याच्या गोठलेल्या कडेवरून घसरली. बाई आणि आणखी एकजण तिला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आले. हॉस्पिटल लांब होतं, पोचायला रात्र झाली. वाटभर लेक गप्प होती. डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं तेव्हा मात्र मोठ्याने ओरडली.

"काय ओरडली?" मी विचारलं.

बाई हसू लागली. तिने आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. मला समजेना. तिने पुन्हा सांगितलं. लेक सारखी 'आई, आई' ओरडत होती. इंग्रजीत डोळ्याला 'आय' म्हणतात. बाईला वाटलं, डोळ्याला काहीतरी झालं. तिने डॉक्टरांना थांबवलं आणि म्हणाली, आधी हिचा डोळा बघा! डॉक्टरांनी बॅटरी आणून डोळे तपासले, तरी लेक आपली ओरडतेच आहे. दोन दिवसांनी लेकीने त्या शब्दाचा अर्थ सांगितला. "मग मी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन रडले," बाई म्हणाली.

मी हसले. हसता हसताच मला हुंदका आला. तिने मला हाक मारली होती. हाक माझी होती, पण ऐकली हिने. तेव्हा मी कुठे होते? बहुतेक फळ्यावर समास लिहीत होते. माझं नाव घेऊन केलेला तो आक्रोश दुसऱ्या बाईच्या कानात जाऊन पडला, तिला त्याचा अर्थसुद्धा कळला नाही, तरीही तो तिच्याकडेच राहिला. याचा मला इतका हेवा वाटला की कुणाच्या श्रीमंतीचा, कुणाच्या सुनेचा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पदराने डोळे पुसले आणि मी फोनमध्ये स्पष्ट म्हटलं, "पुढच्या वेळी तिला काही झालं तर तुम्ही मला सांगायचं. लपवायचं नाही. शब्द द्या."

तिने वाचलं. फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने फोनमध्ये हळूहळू सांगितलं आणि मला मराठीत दाखवलं. मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं, ती मोठी आहे, तिने मला सांगू नकोस म्हटलं होतं, मी तिचा शब्द मोडणार नाही, आधी तिला विचारीन.

माझ्या लेकीने हिला शब्दाने बांधलं होतं, आणि ही माझ्याविरुद्ध तो शब्द सांभाळत होती! मी खाटेवरून उठले आणि संत्र्याच्या सालीचा ढीग पायाने लोटला. जायला कुठे नव्हतं म्हणून झाडाभोवती एक चक्कर मारून परत आले. बाई तिथेच बसली होती. मग तिने न विचारता तिची एक गोष्ट सांगितली. तरुणपणी ती ज्या कळपावर काम शिकली, तो कळप आता नाही. दर हिवाळ्यात मोजायला जायची आणि दर हिवाळ्यात कमी भरायचे. शेवटी एकच मादी उरली. तिला धरून दुसऱ्या कळपात नेऊन सोडायचं ठरलं, तेव्हा हेलिकॉप्टरमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन ही बसली होती. "त्या डोंगरावर मी पुन्हा गेले नाही," ती म्हणाली.

मला तिची कीव यायला नको होती. पण आली. आणि कीव आली तरी राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात होते, आणि मी दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

लेक परत आली तेव्हा बाईनेच तिला बोलावलं आणि इंग्रजीत काहीतरी बरंच बोलली. लेकीचा चेहरा लाल झाला.

"आई! तू तिले माझ्यावर पाळत ठेवायला सांगून राहिली?"

"पाळत नाही. मले खरं सांगायला सांगून राहिली."

"मी काय लहान आहे?"

"मोडलेल्या पायावर लहान नव्हती तर माझ्या नावानं काहून ओरडली?"

 लेकीने बाईकडे पाहिलं. बाईने हे मला सांगितलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. भाऊ क्रेट खाली ठेवून म्हणाला, "सांगू दे ना वं. माझ्या बहिणीले अर्धं कळलं की ती उरलेलं मनानं वाईटच जोडते. त्याच्यापेक्षा पूर्ण सांगितलेलं बरं."

लेक बराच वेळ संत्र्याची एक फोड हातात घेऊन तिचे धागे काढत राहिली. मग बाईकडे वळून इंग्रजीत म्हणाली आणि मला मराठीत, "ठीक आहे. ती तुले सांगत जाईल. पण आई, तू रडत मला फोन करायचा नाही. आधी तिच्याकडून पूर्ण ऐकायचं, मग मला करायचा."

"रडायचं की नाही ते मी ठरवीन," मी म्हटलं.

चार दिवसांनी त्या गेल्या. नागपूरच्या विमानतळावर बाईने मला मिठी मारली. मी मसाल्याची पिशवी तिच्या हातात दिली, लेकीच्या नाही. का दिली ते माझं मलाच समजलं नाही. लेक म्हणाली, "अन् मले?" मी म्हटलं, "तुले ती देईल." लेकीचं तोंड एवढंसं झालं, आणि मला खोटं बोलायचं नाही, ते पाहून मला थोडं बरं वाटलं.

एप्रिलपासून बाईचे निरोप येऊ लागले. लेकीला सर्दी झाली, तीन दिवस खोकते आहे, आता बरी आहे. या वर्षी माद्या धरल्या त्यात एक म्हातारी आहे, लेक तिच्यावर फार जीव लावते. एक पाडस जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. लेक दिवसभर बोलली नाही. हे लेकीने मला कधी सांगितलं नसतं. आणि मी रडत फोन केला नाही. तिने आपण होऊन केला तेव्हा कैरीच्या लोणच्याबद्दल बोलले, आणि बोलता बोलता तिनेच पाडसाचं सांगितलं.

एकदा लेक म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्या मागे काय काय बोलता वं? ती आजकाल तुझंच नाव घेऊन राहिली."

"तुले काय करायचं?" मी म्हटलं.

माझं जळणं काही गेलेलं नाही. लेकीने आणखी दोन वर्षं तिथेच राहायचं ठरवलं, ते तिने आधी बाईला सांगितलं आणि मग आम्हाला. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी बाईच्या निरोपाला उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एक फोटो आला. पाडसं सोडायच्या आदल्या आठवड्यातला, कुंपणाजवळच्या पहाऱ्याच्या खोलीतला. लेक खुर्चीत बसल्या बसल्या झोपली आहे. मान एका बाजूला, तोंड उघडं, केसांत काटक्या. खाली लिहिलं होतं, पाठवते आहे ते तिला विचारून, आणि ती म्हणाली की यात ती आजारी बकरीसारखी दिसते.

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी तो फोटो मोठा करून पाहिला. तिचा ओठ झोपेत थोडा वाकडा होतो, तो तसाच होता. मी फोटो जपून ठेवला. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "अवं, सारखं काय पाहून राहिली फोनमध्ये? पोरीचं काही आलं का?"

"नाही," मी म्हटलं. "कॅरिबू आहेत." आणि फोन पालथा ठेवला.